सात तुकड्यांची यादी

थामिर अल-कय्याल दुधानं कधी पोळला नव्हता, पण ताक मात्र जन्मभर फुंकून प्यायला. एकतीस वर्षं त्यानं बगदादच्या बाजारांतले तराजू तपासले. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं शिसं, आतून पोखरलेली वजनं, काट्याखाली सारलेली आगकाडी, सगळं त्याचं पाहून झालं होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून बघायची त्याची खोड काही गेली नव्हती. वस्तूंचं एक वेळ चालतं. तो माणसंही उलटी करून बघायचा.

अशा माणसाच्या हातात त्याच्या एकुलत्या एका लेकीनं वहीचं पान ठेवलं आणि सांगितलं, "यातली एकही रेघ बदलायची नाही. बदलणार असाल तर काहीच आणू नका."

लेक रौनक, बारावीची सरकारी परीक्षा देत होती. शेवटचा पेपर झाला की गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर घ्यायचा, तोही तयार नाही, सुटे भाग आणून तिनं स्वतः जोडायचा, असं घरात ठरलं होतं. ठरवलं थामिरच्या बायकोनं, नदवानं, आणि का ठरवलं ते नवराबायको दोघंही जाणून होते. दोन वर्षांत पोरीनं बापाकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

दोन वर्षांपूर्वी रौनक तिच्या मैत्रिणीशी, तबारकशी, फोनवर बोलत होती आणि थामिरला पलीकडून पुरुषाचा आवाज ऐकू आला. त्यानं लेकीला एका शब्दानं विचारलं नाही. तो उठून सरळ तबारकच्या घरी गेला आणि चहाचा पेला हातात धरून तिच्या वडिलांना विचारलं की तो आवाज कोणाचा. आवाज तबारकच्या भावाचा होता; तो शेजारच्या खोलीत स्वतःचे मोजे शोधत होता. तिच्या वडिलांनी थामिरचा चहा संपेपर्यंत वाट पाहिली, त्याला दारापर्यंत सोडलं, आणि त्या दिवसापासून दोन्ही मुलींचं बोलणं तुटलं. रौनक रडली नाही की भांडली नाही. "बाबा, तू ऐक ना" म्हणणारी पोर "हो बाबा, तुम्ही म्हणाल तसं" म्हणायला लागली. सरकारी खिडकीसमोर उभं राहून बोलावं तसं ती घरात बोलायची. थामिरला ते रोज टोचायचं. हे कॉम्प्युटरचं काम आपल्या हातून नीट पार पडलं तर तो 'तू' कदाचित परत मिळेल, असं त्याला वाटत होतं. आयुष्यात त्या घडीला त्याला दुसरं काहीच इतकं हवं नव्हतं.

म्हणून त्यानं शब्द दिला. देताना तो अगदी मनापासून देत होता. मग त्यानं यादी वाचली.

अक्षर रौनकचं नव्हतं. जाड, तिरकं, पेन्सिल दाबून लिहिलेलं. वर एक सूचना, 'सगळं पाचव्या पिढीचं'. खाली सात ओळी: प्रोसेसर, बोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पॉवर सप्लाय आणि पेटी, प्रत्येकाचं नाव-नंबर. आणि बहुतेक ओळींच्या कडेला एक बारकासा आकडा. थामिरला आधी वाटलं, दलाली असेल. मग पानाच्या तळाशी नजर गेली. 'घर पाच. कूलर दोन, फ्रिज एक, दिवे-पंखे अर्धा. उरतो दीड. यंत्र घेईल सव्वा. पंप चालू असताना नको.' आकडे अँपिअरचे होते.

आपल्या घराला गल्लीच्या जनरेटरवरून पाच अँपिअरची लाइन आहे, कूलर दोन खातो, संध्याकाळी पंप लागतो, हे बाहेरच्या माणसाला कसं ठाऊक? कोणीतरी घरावर डोळा ठेवून होतं.

त्यानं रौनकला विचारलं, यादी कोणी केली. ती म्हणाली, एक जाणकार आहेत. कोण जाणकार? "नाव विचारायचं नाही," ती म्हणाली आणि भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून बसली. स्वयंपाकघरात नदवानं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. थामिर गप्प झाला, पण डोक्यातला भुंगा गप्प होईना. कोणी पोरगा असेल का? वीजखात्यातला कोणी? घराचं मोजमाप घेऊन ठेवणारा चोर? दोन दिवस सगळ्यांना उलटंपालटं करून झाल्यावर त्याचा संशय जिथं नेहमी मुक्कामाला जायचा तिथंच गेला. हा जनरेटरवाल्याचा माणूस असणार.

जनरेटरवाला म्हणजे हाज चासिब. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं यंत्र धडधडायचं. सरकारी वीज गेली की साऱ्या गल्लीचा जीव त्याच्या मुठीत, त्यामुळे त्याच्याइतक्या शिव्या गल्लीत कोणी खाल्ल्या नव्हत्या. पाच वर्षांपूर्वी थामिरनं आपल्या लाइनला चिमट्याचं मीटर लावून पाहिलं. पाचाच्या जागी पावणेपाच भरले. त्यानं नगर समितीकडे सहा पानी तक्रार दिली आणि चासिबला तीन खेटे घालावे लागले. तेव्हापासून दोघांत सलाम-दुआ बंद. महिन्याची वर्गणी द्यायला थामिर रौनकला पाठवायचा आणि ती आणेल ती पावती फाइलला लावायचा. फाटकाजवळच्या भिंतीवर लाइनीची जौजा होती, अक्रोडाएवढा खटका. ती पडून घरात अंधार झाला की थामिर ठरलेले दोन शब्द बोलायचा, "बघा. सूड." नदवा आणि रौनक त्या दोन शब्दांची वाट पाहूनच मेणबत्ती पेटवायच्या.

शेवटच्या पेपरच्या सकाळी रौनकला परीक्षा केंद्रावर सोडून थामिर सिनाआ रस्त्याला, कॉम्प्युटरच्या बाजारात, गेला. निघण्याआधी त्यानं नदवाची कात्री घेतली आणि यादीच्या सात पट्ट्या केल्या. रेघ बदलायची नाही असं ठरलं होतं, कापायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. एका दुकानात सगळी यादी दाखवली की गिऱ्हाईक किती पाण्यात आहे ते दुकानदाराला कळतं, हा त्याचा जुना सिद्धान्त. सात भाग, सात दुकानं, आणि या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही. न वापरलेल्या पट्ट्या उजव्या खिशात, वापरलेल्या डाव्या.

सुरुवात मेमरीपासून झाली. दुकानदारानं पट्टी वाचली आणि विचारलं, बोर्ड कुठला आहे?

"तुला काय करायचंय?" थामिर म्हणाला.

"काका, ह्या नावाच्या दोन जाती येतात. बोर्ड कळल्याशिवाय कुठली देऊ?"

"मी मेमरी मागितली. बोर्ड मागितला का?"

दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं, "माझ्या डोळ्यावर" म्हणजे हुकूम शिरसावंद्य, असं म्हणून हात डोळ्याला लावला आणि एक पुडकं काढून दिलं. मुकाट्यानं दिलं म्हणजे गोम असणार, असं थामिरच्या मनात आलं. पण न देता वाद घातला असता तरी त्याला तेच वाटलं असतं.

ग्राफिक्स कार्डाच्या दुकानात त्याला तासभर लागला. कॉम्प्युटरवर आभासी नाणी खणणाऱ्या कारखान्यांतून दिवसरात्र राबलेली कार्डं धुऊनपुसून नवी म्हणून विकतात, एवढं त्यानं ऐकून ठेवलं होतं. त्यानं खोक्याचं सील उन्हात धरून पाहिलं. कार्डाचा वास घेतला. पंख्याच्या पात्यांखालून दोरा फिरवून धूळ निघते का ते पाहिलं. शेवटी कोटातून नोकरीतला छोटा काटा काढला आणि कार्ड वजन केलं, खोक्यावर छापलेल्या वजनाशी ताडून पाहायला.

"काका," दुकानदार म्हणाला, "कार्ड आहे हो, कलिंगड नाही."

वजन बरोबर भरलं. थामिरला बरं वाटायच्या ऐवजी थोडी चुटपुटच लागली.

बोर्ड घ्यायला तो अय्सर नावाच्या माणसाच्या दुकानात शिरला. अय्सर तिशीचा असेल, गळ्यात भिंग लटकवलेलं, एका हातात सामूनचा पाव. सामूनमधून अंबा ओघळत होता; आपलंच लोणचं ते, दर्या ओलांडून गेलं तरी नाव तेवढं घेऊन गेलेलं. त्यानं बोर्ड काढून दिला आणि थामिरच्या पिशवीतून डोकावणारं मेमरीचं पुडकं पाहून म्हणाला की ही ह्या बोर्डात बसायची नाही. ही चौथ्या पिढीची आहे.

आला वळणावर, थामिर मनात म्हणाला. आता हा आपल्याकडची मेमरी गळ्यात मारणार. पण अय्सरनं काही काढलं नाही. त्यानं हात पुसले, बोर्डावरची खोबण आणि मेमरीची पट्टी एकमेकांशेजारी धरली आणि भिंग पुढं केलं. पट्टीच्या काठावरची खाच तांदळाच्या दाण्याएवढी इकडं होती, बोर्डावरचा दात तेवढाच तिकडं. एकतीस वर्षं केसाएवढे फरक पकडणाऱ्या डोळ्यांना तो फरक नाकारता येईना. पाचव्या पिढीची सूचना पहिल्या पट्टीवर होती आणि मेमरीची पट्टी तिसरी, हेही त्याला तेव्हाच आठवलं. चडफडत तो पहिल्या दुकानात गेला. "म्हणून तर बोर्ड विचारत होतो, काका," एवढंच बोलून दुकानदारानं पुडकं बदलून दिलं.

इथं शहाणा माणूस थांबला असता. पण थामिरच्या उजव्या खिशात आता पॉवर सप्लायची पट्टी होती, आणि तिच्यावर लिहिलं होतं साडेसहाशे वॅट.

साडेसहाशे भागिले दोनशेवीस, जवळजवळ तीन. तीन अँपिअर! तळटीप काय सांगत होती? यंत्र घेईल सव्वा. कागदावर सव्वा आणि खोक्यात तीन. थामिर भर रस्त्यात, रहदारीच्या मधोमध, उभा राहिला. हे ते शिसं. हेच पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं. यंत्र घरी आलं, चालू झालं की जौजा रोज पडणार, पोरगी हिरमुसणार, आणि बाप निमूट हाज चासिबच्या दारात जाऊन आणखी तीन अँपिअर मागणार. यादी करणारा त्याला सामील नसेल तर आपण मिशा उतरवू. त्याला लेकीला दिलेला शब्द आठवला, नाही असं नाही. पण लेकीला फसवणाऱ्यापासून लेकीला वाचवणं म्हणजे काय शब्द मोडणं? खूप दिवसांनी त्याला नोकरीत असल्यासारखी तरतरी आली. त्यानं पुढच्या दुकानातून तीनशे वॅटचा सप्लाय घेतला. कुठलं कार्ड लावणार, असं दुकानदारानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, घरगुती, साधं.

दुपारी रौनक पेपर देऊन आली तेव्हा सातही खोकी जेवणाच्या टेबलावर मांडून तयार होती. जेवण बाजूला सारून ती कामाला बसली. प्रोसेसर बसवताना तिनं श्वास रोखला, मेमरी टक् आवाज करून बसली तेव्हा स्वतःशीच हसली. थामिर दाराशी उभा राहून पाहत होता. ती हसली, आणि तो घरात होता, असं फार दिवसांनी घडत होतं. मग कार्ड बसवून ती सप्लायच्या तारा चाचपायला लागली. एक एक तार तिनं बोटांत धरून पाहिली, दोनदा पाहिली.

"कार्डाला वीज देणारी तार कुठाय?" ती म्हणाली. मग तिनं सप्लाय उलटा केला आणि लेबल वाचलं. बापाचीच लेक.

थामिरनं समजावून सांगायला सुरुवात केली. साडेसहाशे म्हणजे तीन अँपिअर. हा यादीवाला कोण, त्याचा काय डाव, त्याचे हाज चासिबशी काय लागेबांधे. तो बोलत राहिला, कारण थांबलो तर ती बोलेल अशी त्याला भीती वाटत होती. तिनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, कार्ड अलगद काढून पुन्हा पिशवीत घातलं आणि उठली.

"ठीक आहे, बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

खोलीचं दार तिनं आपटलंही नाही. नदवानं त्याला रौनकचा बाप म्हणून नेहमीची हाक मारली, "अबू रौनक, चोर पकडलास. आता त्याच्याशीच बोलत बस." आणि टेबल तसंच सोडून तीही आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थामिरनं डाव्या खिशातल्या सातही पट्ट्या काढल्या, औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ओळीनं लावून चिकटपट्टीनं जोडल्या आणि पुठ्ठा घेऊन अय्सरच्या दुकानात गेला. सबंध यादी कोणापुढं ठेवायची ही त्याची पहिलीच वेळ. त्यानं सप्लायचा हिशोबही मांडून दाखवला, कागदावर सव्वा आणि खोक्यात तीन.

अय्सर हसला नाही. "काका, साडेसहाशे म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो," तो म्हणाला. "खायचा तेवढंच खातो. कार्ड मागेल तेवढं."

शंभर किलोच्या काट्यावर 'शंभर किलो' असं लिहिलेलं असतं, म्हणून त्यावर ठेवलेले टोमॅटो काही शंभर किलो होत नाहीत. हे थामिर नव्या तपासनीसांना पहिल्या दिवशी शिकवायचा. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

अय्सर यादीवरून बोट फिरवत होता. भाग एकमेकांना जुळतातच, तो म्हणाला, पण हे नुसतं भागांचं जुळवलेलं नाही, तुमचं घर डोळ्यापुढं ठेवून जुळवलंय. आणि लिहिणारा दुकानदार नाही. "आम्ही वॅटमध्ये बोलतो, काका. सगळं अँपिअरमध्ये मोजतो तो जनरेटरवर बसणारा."

थामिरनं पुठ्ठा जवळ ओढला. तुकड्यांतुकड्यांत पाहिलं तेव्हा जे नजरेला आलं नव्हतं ते आता दिसलं. 'घर पाच' मधला पाच. वाटोळा गोल, आणि त्याला खाली एक उगाचची शेपटी. ती शेपटी त्यानं साठ पावत्यांवर पाहिली होती. फाइलला लावताना दर महिन्याला पाहिली होती.

म्हणजे सामील-बिमील कोणी नव्हता. खुद्द हाज चासिबच होता.

साडेसहाशेचा सप्लाय काखोटीला मारून तो परतला तो घरी न जाता थेट शेडवर. रागानं त्याला ऊन लागत नव्हतं. पाच वर्षं धरून ठेवलेला दावा पोरीच्या आडून साधला म्हाताऱ्यानं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. ह्याला दुसरं कोणी सापडलं नाही?

शेडमध्ये बसायच्या कोपऱ्यात हाज चासिब कानांवर जाड टोप्या चढवून बसला होता. सत्तरीला टेकलेला, अंगात बनियन. समोर कॉम्प्युटर होता आणि पडद्यावर बर्फाळ रस्त्यानं एक भलामोठा ट्रक चालला होता. बाहेर सत्तेचाळीस डिग्री. म्हातारा पुढं वाकून वळण घेत होता. कधीकाळी तो बसरा ते अम्मान ट्रक हाकायचा, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

थामिरनं पुठ्ठा त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये धरला. जनरेटर धडधडत होतं, म्हणून ओरडावं लागलं. "ही यादी तुझी?"

चासिबनं ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा केला, कानांवरच्या टोप्या काढल्या. "माझी," तो म्हणाला. "कापलीस होय?"

"माझ्या पोरीच्या मागं का लागलास?"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्यानं एक रिकामा डबा पायानं पुढं ढकलला. थामिर बसला नाही. चासिब बोलला ते ओरडूनच, कारण तिथं दुसरं काही ऐकू येत नाही, आणि आपलं मन असं ओरडून सांगावं लागतंय याचं त्याला कसंतरी होत असावं.

"पोरगी पावती घ्यायला यायची. पावती झाली तरी माझा ट्रक बघत उभी राहायची. एप्रिलमध्ये म्हणाली, काका, पाच अँपिअरात बसेल असा कॉम्प्युटर सांगा. मी म्हटलं, सांगतो. सहा दिवस बसलो ह्यावर. मग म्हणाली, प्रत्येक ओळीपुढं अँपिअर लिहा. मी म्हटलं, कशाला गं? दुकानदाराला काय करायचेत? म्हणाली, दुकानदारासाठी नाही. बाबांसाठी. त्यांना मोजता आलं की त्यांचा जीव शांत होतो."

थामिर डब्यावर बसला.

"नाव मात्र मीच म्हटलं सांगू नकोस," चासिब म्हणाला. "माझं नाव दिसलं असतं तर यादी फाडली असतीस."

"फाडली नाही. कापली," थामिर म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की चासिबला तो ओठांवरूनच वाचावा लागला असेल. म्हातारा हसला आणि त्यानं थर्मासातला चहा पेल्यात ओतला. थामिरनं पेला उलटा करून पाहिला नाही, हे सांगायलाच हवं.

तो उठला तेव्हा चासिबनं त्याची बाही धरली. "ते पावणेपाच खरे होते, अबू रौनक. तार जुनी होती. त्याच आठवड्यात बदलली. सांगायला हवं होतं, पण तू सहा पानं लिहिलीस. माझाही ताठा असेल की नाही?"

संध्याकाळी थामिरनं नवा सप्लाय आणि पुठ्ठ्यावरची यादी टेबलावर ठेवली आणि रौनकला हाक मारली. शब्द मोडला तो मी, चूकही माझी, आणि मी हाज चासिबकडे जाऊन आलो, एवढं त्यानं उभ्याउभ्या सांगितलं. पट्ट्यांचे जोड पाहून तिच्या भुवया वर गेल्या. "बरं, बाबा," ती म्हणाली. तोच सरकारी खिडकीसमोरचा आवाज. त्याला वाटलं, गेलं ते गेलंच. पण ती बसली आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. कार्डाची तार जागेवर गेली. बटण दाबल्यावर पंखे फिरले, आत एक निळा दिवा लागला, पडदा उजळला. नदवानं देवाचं नाव घेतलं. रौनक पडद्याकडे पाहत होती, बापाकडे नाही.

आपण तिथं उभं राहून काय करणार, म्हणून थामिर रोजच्या वेळेला रोजचं काम करायला गेला. गच्चीवरची टाकी भरायची होती. त्यानं पंप लावला.

सगळं एकदम बंद पडलं. कूलरची घरघर थांबली, निळा दिवा गेला, पडदा काळा झाला. घरात कोणी हललं नाही. नदवाच्या हातात काडेपेटी होती, पण तिनं काडी ओढली नाही. दोघी कशाची वाट पाहताहेत ते थामिरला कळलं आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"पंप मी लावला," तो म्हणाला. "यादीत लिहिलं होतं. नको म्हणून."

पंपाचं बटण बंद करून तो फाटकाशी गेला. बाहेर अजून थोडा उजेड होता. जौजा वर करायला त्यानं हात घातला आणि थबकला. खटका नवा होता. ह्या उन्हाळ्यात तो एकदाही पडला नव्हता, म्हणून त्याला हात लावायची वेळच आली नव्हती. महिना-दीड महिना घरात अंधार झाला नव्हता, आणि हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. कमी काय आलं ते त्यानं जन्मभर मोजलं होतं. त्यानं खाली वाकून आकडा वाचला. पाच नव्हता. सहा होता.

मागं चपला वाजल्या. रौनक येऊन उभी राहिली होती.

"मे महिन्यात बदलली काकांनी," ती म्हणाली. "परीक्षेत कूलर बंद पडू नये म्हणून. वर्गणी पाचाचीच. मी सांगणार होते, पण बाबा, तू म्हणाला असतास की यात काहीतरी..."

ती थांबली नाही, बोलतच राहिली. चासिबकाकांचा ट्रक, बर्फातला रस्ता, तिनं सुचवलेलं एक वळण. थामिरच्या जिभेवर चार प्रश्न आले होते. त्यानं एकही विचारला नाही. जौजा वर केली, मागं घरात कूलर घरघरला, आणि दोघंही तिथंच फाटकाशी उभी राहिली.